विजेच्या गाडीचें दाणापाणी

सन १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांतील गोष्ट आहे. जर्मनी देशांतील मानहाइम शहरीं राहणाऱ्या बेर्टा बेंझ ह्या बाई, ऑयगेन व रिचर्ड ह्या आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, यजमानांनीं तयार केलेल्या तीनचाकी मोटारींत बसल्या आणि सुमारें शंभर किलोमीटर दूर असलेल्या फोर्झहाइम ह्या आपल्या माहेरगांवीं जाण्यास निघाल्या. एवढा लांबचा प्रवास मोटारीनें तोंपर्यंत कोणीं केला नव्हता. वाटेंत इंधन संपत आलें. त्या काळीं पेट्रोलचे पंप कोठून असणार? तेव्हां त्यांनीं वीसलोख नांवाच्या गांवीं गाडी थांबविली आणि तेथील औषधांच्या दुकानांतून लिग्रोइन नांवाचें तेल विकत घेऊन तें गाडींत ओतलें. त्या काळीं हें तेल कपड्यांवरचे डाग काढण्यास वापरीत असत. त्या औषधांच्या दुकानास आज जगांतील पहिला पेट्रोल पंप म्हणून मान दिला जातो.

ही गोष्ट येथें सांगण्याचें कारण असें कीं, पेट्रोलच्या मोटारीची जी स्थिति त्या काळीं होती, तिच्याशीं पुष्कळशी मिळतीजुळती स्थिति आज आपल्या देशांत विजेवर चालणाऱ्या मोटारीची आहे. गाडी उत्तम चालते, आवाज करीत नाहीं, धूर सोडीत नाहीं. परंतु तिचें दाणापाणी वाटेंत कोठें मिळेल ह्याचा विचार घरून निघतांनाच करावा लागतो. हिरव्या पाटीवर पांढरीं अक्षरें असलेल्या ह्या गाड्या आमच्या शाळेच्या फाटकाशींही आतां रोज दिसूं लागल्या आहेत. कित्येक पालकांनीं त्या घेतल्या आहेत, कित्येकांच्या मनांत घेण्याचें आहे, आणि आजच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांना तर पुढें हींच वाहनें हांकावयाचीं आहेत. म्हणून सार्वजनिक चार्जिंग स्टेशन म्हणजे काय, तें कसें शोधावें आणि तेथें कसें वागावें, ह्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. ह्या विषयाकडे आमचें लक्ष कसें वेधलें तेंही आधीं सांगणें भाग आहे. कारण आम्हीं जें शिकलों तें पुस्तकांतून शिकलों नाहीं, फजितींतून शिकलों.

गेल्या पावसाळ्यानंतर एके दिवशीं सकाळीं वसतिगृहांतील एका विद्यार्थ्याच्या घरून निरोप आला कीं, त्याची आजी अत्यवस्थ आहे, मुलास ताबडतोब पाठवावें. मुलाचें गांव चिपळूणजवळ. एका स्नेह्यांनीं आपली विजेवरची गाडी देऊं केली आणि आम्ही त्या मुलास घेऊन पुण्याहून निघालों. पुण्याहून कराड सुमारें एकशेंसाठ किलोमीटर आणि तेथून पाटण, कोयनानगर व कुंभार्ली घाट ह्या मार्गानें चिपळूण आणखी सुमारें शंभर. निघतांना बॅटरी शेंकडा ऐंशी भरलेली होती. 'कराडला भरून घेऊं,' असें म्हणून आम्ही निश्चिंत झालों. साताऱ्यास नकाशांत दोनतीन ठिकाणें दिसत होतीं. परंतु अजून बॅटरींत बरीच वीज आहे, उगाच वेळ कां घालवा, असा विचार करून तीं आम्ही मागें टाकलीं.

कराडच्या अलीकडे एका उपाहारगृहाच्या आवारांत चार्जिंग स्टेशन असल्याचें मोबाइलवरील नकाशा सांगत होता. तेथें पोहोंचलों तों काय! यंत्र जागेवर होतें, पण त्याचा पडदा काळा पडलेला आणि भोंवतीं सांखळी लावलेली. उपाहारगृहांतील पोऱ्या म्हणाला, "दोन महिने बंद आहे, गुरुजी." बॅटरी तोंवर शेंकडा अठरावर आली होती. तेथून शहरांतल्या दुसऱ्या ठिकाणीं गेलों. तेथें यंत्र चालू होतें. परंतु त्याला एक गाडी लावलेली होती. त्या गाडीची बॅटरी केव्हांच पूर्ण भरली होती आणि मालकांचा पत्ता नव्हता. पन्नास मिनिटांनीं ते जेवून आले. "माफ करा हो, मला वाटलें कोणी येणार नाहीं," एवढें बोलून ते निघून गेले. त्या पन्नास मिनिटांत तो मुलगा एक शब्द बोलला नाहीं, फक्त एकदां त्यानें विचारलें, "सर, आपण पोहोंचूं ना?" त्या प्रश्नास निश्चित उत्तर आमच्यापाशीं नव्हतें, ह्याची लाज आम्हांस अद्यापि वाटते.

आम्ही पोहोंचलों. दिवेलागणी होऊन गेली होती. आजीनें नातवास ओळखलें आणि त्याचा हात हातांत घेतला. ईश्वराची ही कृपाच समजावयाची. परंतु आमच्या निष्काळजीपणामुळें ती भेट हुकली असती, ही गोष्ट कांहीं आम्हांस विसरतां येत नाहीं. विशेष हें कीं, कोयनेच्या ज्या खोऱ्यांतून आम्ही त्या संध्याकाळीं गेलों, त्याच खोऱ्यांतलें पाणी सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यांतून खालीं पोफळीकडे सोडून १,९६० मेगावॅट क्षमतेचा वीजप्रकल्प चालविला जातो. म्हणजे वीज अमाप होती. ती आमच्या गाडीपर्यंत आणण्याची वाट तेवढी आम्हांस ठाऊक नव्हती. ती वाट शोधण्याची विद्या काय आहे, तें आतां पाहूं.

प्रथम थोडें गणित. घरीं विजेचें बिल येतें त्यांत 'युनिट' हा शब्द असतो. एक हजार वॅटची इस्त्री एक तास चालविली म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. विजेच्या गाडीची बॅटरी ही ह्याच युनिटांनीं मोजतात. आम्ही नेली त्या गाडीची बॅटरी सुमारें चाळीस युनिटांची होती आणि हमरस्त्यावर एका युनिटांत ती साधारणतः साडेसहा किलोमीटर जाई. शेंकडा ऐंशी म्हणजे बत्तीस युनिट. पुण्याहून कराड एकशेंसाठ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पंचवीस युनिट. बाकी सात. पुढील शंभर किलोमीटरांस पंधरा युनिट हवे. हा हिशेब पांचवींतील मुलासही करतां येईल. परंतु आम्हीं तो निघण्यापूर्वीं केला नाहीं, वाटेंत केला. कारखानदार जाहिरातींत जो आंकडा देतात तो ठराविक कसोटीचा असतो. वेग वाढला, गाडींत माणसें अधिक बसलीं, थंड हवेचें यंत्र चालू ठेविलें, किंवा घाट लागला, कीं प्रत्यक्ष आंकडा खालीं येतो. म्हणून आपल्या गाडीचा खरा आंकडा आपणच चारदोन प्रवासांत टिपून ठेवावा.

घाटाचें गणित तर पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांस विशेष गोड वाटेल. खोपोलीहून लोणावळ्यास चढतांना गाडी सुमारें साडेपांचशें मीटर वर जाते. माणसांसह गाडीचें वजन सोळाशें किलोग्रॅम धरलें, तर वजन, गुरुत्वाकर्षण व उंची ह्यांचा गुणाकार करून पाहतां सुमारें ८६ लक्ष ज्यूल, म्हणजे जवळजवळ अडीच युनिट वीज केवळ उंची गांठण्यास लागते. रस्ता कांपण्यास लागणारी वीज वेगळीच. उलट घाट उतरतांना हीच मोटार जनित्राचें काम करते आणि चाकांच्या गतींतून वीज निर्माण करून ती बॅटरींत परत भरते. चढतांना खर्चिलेली सर्व वीज परत येत नाहीं, तरी बराच अंश येतो. कुंभार्लीचा घाट उतरतांना बॅटरीचा आंकडा कमी होण्याऐवजीं किंचित् वाढतांना पाहून आमच्या त्या विद्यार्थ्याच्या तोंडावर दिवसभरांत प्रथमच हंसूं उमटलें.

आतां गाडीच्या पोटांत वीज जाते कशी तें पाहूं. आपल्या घरांत येणारा प्रवाह हा आलटून पालटून दिशा बदलणारा असतो. त्यास एसी म्हणतात. बॅटरीस मात्र एकाच दिशेनें वाहणारा, म्हणजे डीसी प्रवाह लागतो. हा बदल करणारें एक लहानसें यंत्र गाडींतच बसविलेलें असतें. पण तें लहान असल्यामुळें त्यास एका वेळीं थोडीच वीज पचते. कांहीं गाड्यांत सुमारें ३.३ किलोवॅट, तर कित्येकांत सुमारें ७ किलोवॅट. घरांतील १५ अँपियरच्या तीन खुंट्यांच्या सॉकेटवर गाडी लावली, तर ताशीं तीन युनिटांच्या आसपास वीज मिळते. चाळीस युनिटांची रिकामी बॅटरी भरावयास बारा-तेरा तास पाहिजेत. रात्रीं लावून सकाळीं काढावयाची असल्यास ह्यांत कांहींच गैरसोय नाहीं, आणि गाड्यांचें बहुतेक चार्जिंग असें घरींच होत असतें. महामार्गावर मात्र इतका वेळ कोणास असणार? म्हणून तेथें मोठ्या कपाटाएवढीं यंत्रें बसवितात. तीं प्रवाहाचें रूपांतर स्वतःच करून डीसी प्रवाह सरळ बॅटरींत सोडतात. अशा ३० किलोवॅटच्या यंत्रावर आमच्या गाडींत चाळीस मिनिटांत सुमारें अठरा युनिट वीज भरली गेली. ६० किलोवॅटचें यंत्र असतें तर आणखी लवकर भरली असती, पण किती लवकर हें गाडीवरही अवलंबून असतें; कारण प्रत्येक बॅटरीस वीज घेण्याची एक मर्यादा असते आणि गाडीच यंत्रास ती कळवीत असते.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. बॅटरी शून्यापासून शंभरापर्यंत सारख्या वेगानें भरत नाहीं. रिकाम्या एस.टी. मध्यें पहिले उतारू कसे भराभर चढतात आणि हवी ती जागा धरतात. पण गाडी भरत आली कीं शेवटच्या चारपांच जणांना वाट काढीत, सामान सांवरीत, जागा शोधावी लागते. बॅटरीच्या पोटांतील लिथियमच्या कणांची गत अशीच आहे. शेंकडा ऐंशीपर्यंत ते त्वरेनें जागा घेतात. पुढें गर्दी होते, आणि घाई केल्यास बॅटरीस अपाय होऊं नये म्हणून गाडी आपण होऊनच प्रवाह कमी करिते. म्हणून शेवटच्या वीस टक्क्यांस पहिल्या साठांइतकाही वेळ लागूं शकतो. सबब लांबच्या प्रवासांत ऐंशीपर्यंत भरून पुढें निघावें आणि पुढच्या मुक्कामीं पुन्हां भरावें, हेंच शहाणपणाचें. ह्या लिथियम बॅटरीच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तीन शास्त्रज्ञांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, हेंही विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.

तिसरी गोष्ट प्लगाची. कुलूप चांगलें आणि किल्ली चांगली, पण एकमेकांस लागत नाहींत, तर उपयोग काय? आपल्या देशांत आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोटारींना डीसी प्रवाहासाठीं 'सीसीएस-२' ह्या नांवाचें तोंड असतें. त्याच्या वरच्या भागांत सात लहान छिद्रांचें वाटोळें तोंड असून त्याखालीं दोन मोठीं छिद्रें असतात. वरचा सात छिद्रांचा भाग तेवढा एसी प्रवाहासाठीं वापरतात. त्यास 'टाइप-२' म्हणतात. ह्यांखेरीज 'भारत डीसी-००१' म्हणून १५ किलोवॅटचीं यंत्रें कित्येक ठिकाणीं बसविलेलीं आहेत. तीं कमी दाबाची बॅटरी असलेल्या आरंभींच्या गाड्यांकरितां होतीं, आजच्या बहुतेक गाड्यांना तीं लागू पडत नाहींत. 'भारत एसी-००१' ह्या यंत्रांत तीन सॉकेटें असतात व प्रत्येकांतून सुमारें ३.३ किलोवॅट मिळतात. 'चाडेमो' हा जपानी पद्धतीचा प्लगही क्वचित् दिसतो. कांहीं लहान गाड्यांना डीसी प्रवाह घेण्याची सोयच नसते. म्हणून नकाशावर नुसती विजेची खूण दिसली म्हणून हुरळून जाऊं नये; तें यंत्र एसी कीं डीसी, किती किलोवॅटचें, आणि त्याचा प्लग आपल्या गाडीस लागेल कीं नाहीं, हीं तीन प्रश्नांचीं उत्तरें आधीं मिळवावीं.

आतां शोधावें कोठें? सरकारच्या वतीनें ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी ह्या संस्थेनें 'ईव्ही यात्रा' नांवाचें संकेतस्थळ तयार केलें असून त्याचें उद्घाटन १४ डिसेंबर २०२२ रोजीं राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू ह्यांच्या हस्तें झालें. जवळचें सार्वजनिक चार्जिंग स्टेशन दाखविणें हा त्याचा उद्देश आहे. गूगलच्या नकाशांतही अशीं ठिकाणें शोधतां येतात. 'प्लगशेअर' नांवाचें एक अ‍ॅप आहे. त्यांत प्रत्यक्ष तेथें जाऊन आलेले प्रवासी आपला अनुभव तारखेसह लिहून ठेवितात. शिवाय ज्या ज्या कंपनीचीं यंत्रें असतात तिचें तिचें निराळें अ‍ॅप असतें. यंत्र मोकळें आहे कीं गुंतलेलें, हें पुष्कळदां त्यांतच कळतें आणि पैसेही त्यांतूनच भरावे लागतात.

परंतु नकाशा हा ऐकीव साक्षीदार आहे, डोळ्यांनीं पाहिलेला नव्हे. यंत्र बसविलें त्या दिवशीं त्याची नोंद झाली. पुढें तें बिघडलें, तेथील वीज गेली, उपाहारगृहास टाळें लागलें, हें नकाशास कोणी सांगितलें तरच कळणार. आम्हांस कराडच्या अलीकडे जो अनुभव आला त्याचें मूळ येथें आहे. तेव्हां प्रवाशानें शेवटच्या अनुभवाची तारीख पाहावी. काल-परवां कोणीं तेथें गाडी भरली असल्यास तें ठिकाण विश्वासास पात्र. सहा महिन्यांत कोणींच कांहीं लिहिलें नसेल, तर तें नसल्यासारखेंच समजावें. तेथील दूरध्वनि दिलेला असल्यास निघण्यापूर्वीं विचारून घ्यावें. तें ठिकाण रात्रीं उघडें असतें काय, कीं दुकानांबरोबर बंद होतें. तें सर्वांसाठीं आहे कीं केवळ त्या उपाहारगृहाच्या वा वसाहतीच्या लोकांसाठीं, हेंही पाहावें.

ह्यावरून प्रवासाचे कांहीं साधे नियम निघतात. पहिला नियम असा कीं, घरून निघतांना आदल्या रात्रींच बॅटरी पूर्ण भरून ठेवावी. दुसरा असा कीं, जेथें ठिकाणें पुष्कळ तेथेंच भरून घ्यावें. जुन्या काळीं वाटसरू पाणवठा दिसला कीं तहान नसतांही तांब्या भरून घेत. पुढची विहीर कोरडी निघाली तर काय, हा विचार त्यांत होता. आम्हीं साताऱ्यास वीस मिनिटें वांचविलीं आणि कराडला त्याच्या दुपटीहून अधिक घालविलीं. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. ज्या ठिकाणीं थांबावयाचें ठरविलें असेल, तेथें पोहोंचल्यावर बॅटरींत इतकी वीज शिल्लक असावी कीं, तें ठिकाण बंद निघालें तरी त्याच्या पुढच्या ठिकाणापर्यंत जातां यावें. पहिलें ठिकाण चाळीस किलोमीटरवर व दुसरें सत्तर किलोमीटरवर असेल, तर हिशेब सत्तराचा करावा, चाळीसाचा नव्हे. आणि त्यांत घाटासाठीं व चुकलेल्या वाटेसाठीं दहापंधरा किलोमीटरांची भर घालावी.

यंत्रापाशीं पोहोंचल्यावरही कांहीं सावधगिरी लागते. कंपनीचें अ‍ॅप आधींच मोबाइलमध्यें घेऊन त्यांत थोडे पैसे भरून ठेवावेत. कारण डोंगरांत मोबाइलची रेंज नसली तर तेथें उभें राहून हें करणें कठीण जातें. एका यंत्रास पुष्कळदां दोन गन असतात. एक चालली नाहीं तर दुसरी लावून पाहावी. प्लग नीट आंत बसला नाहीं तर यंत्र चालूच होत नाहीं, म्हणून एकदां काढून पुन्हां घट्ट बसवावा. तरीही न झाल्यास यंत्राच्या अंगावर लिहिलेल्या क्रमांकावर कळवावें. कित्येक वेळां तेथील माणसें दूरवरून यंत्र बंद करून पुन्हां चालू करूं शकतात. यंत्रावरील तांबडें बटण संकटकाळीं वीज तोडण्यासाठीं असतें. मुलांनीं तें खेळ म्हणून दाबूं नये.

आणि सर्वच वाटा खुंटल्या तर? तर बेर्टाबाईंनीं औषधांच्या दुकानीं जाऊन मार्ग काढला, तसा आपणही काढावा. लॉज, गॅरेज, पिठाची गिरणी, फार काय एखादें ओळखीचें घर, जेथें १५ अँपियरचें सॉकेट असेल तेथें विनंति करून, गाडीबरोबर मिळालेल्या केबलनें तीनचार तास गाडी लावतां येते. तेवढ्यानें पुढील ठिकाण गांठण्याइतकी वीज मिळते. मात्र त्या सॉकेटास अर्थिंग असलें पाहिजे. नसल्यास केबलवरील दिवा बहुधा दोष दाखवितो आणि गाडी वीज घेत नाहीं. ही अडचण नव्हे, हें जीवाचें रक्षण आहे. बारीक तारेचें लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड लावण्याचा मोह तर सर्वथा टाळावा. अशा तारा तापून आग लागण्याचें भय असतें. आणि यजमानांच्या विजेचे पैसे मोजून देण्यास विसरूं नये.

एवढा खटाटोप पाहून कोणी म्हणेल, ही गाडी नकोच. आम्हांस तसें वाटत नाहीं. विजेची गाडी कांहीं कालची नव्हे. १८९९ सालींच कामी झेनात्सी ह्या बेल्जियन गृहस्थानें विजेच्या गाडीनें ताशीं शंभर किलोमीटरांचा वेग ओलांडला होता. पुढें पेट्रोलच्या गाडीनें तिला मागें टाकलें, त्याच्या अनेक कारणांपैकीं एक हेंच होतें कीं, पेट्रोल कोठेंही डब्यांत नेतां येई, वीज नेतां येत नसे. आतां ती उणीव भरून निघत आहे. गाडी भरून देणें ही विजेची विक्री नसून ती एक सेवा आहे, तिला निराळा परवाना नको, असा खुलासा केंद्र सरकारनें एप्रिल २०१८ मध्यें केला. त्यामुळें उपाहारगृह, पेट्रोल पंप वा दुकान चालविणाऱ्या कोणासही असें केंद्र काढणें सोपें झालें. २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत शहरांत तीन किलोमीटर लांबीरुंदीच्या प्रत्येक चौकोनांत एक आणि महामार्गावर दोन्ही बाजूंस दर पंचवीस किलोमीटरांस एक केंद्र असावें असें ठरलें. २०२४ च्या सूचनांत हें अंतर आणखी कमी करून, २०३० पर्यंत शहरांत एक किलोमीटरच्या चौकोनांत एक, आणि महामार्गावर दर वीस किलोमीटरांस एक, असें ध्येय ठेवण्यांत आलें. त्याच वर्षीं १ ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेंत सार्वजनिक चार्जिंगसाठीं २,००० कोटि रुपयांची तरतूद झाली. फेब्रुवारी २०२४ च्या आरंभीं देशांत १२,१४६ सार्वजनिक केंद्रें असून त्यांपैकीं ३,०७९ आपल्या महाराष्ट्रांत होतीं. त्यानंतर त्यांत मोठी भर पडली आहे.

परंतु केंद्रांची संख्या कितीही वाढली, तरी एक गोष्ट कोणत्याही सरकारास बसवून देतां येणार नाहीं; ती म्हणजे प्रवाशांचें परस्परांशीं सौजन्य. आम्हांस कराडला पन्नास मिनिटें थांबावें लागलें तें यंत्र नसल्यामुळें नव्हे, तर एका गृहस्थांनीं मागून येणाऱ्याचा विचार केला नाहीं म्हणून. तेव्हां आपली गाडी भरली कीं ताबडतोब ती बाजूस घ्यावी. जेवावयास जावयाचें असल्यास कांचेवर आपला मोबाइल क्रमांक लिहून ठेवावा. कोणी रांगेंत असेल तर शंभराचा हट्ट न धरतां ऐंशीवर थांबावें. पेट्रोलची गाडी त्या जागेंत उभी करूं नये. केबल जमिनीवर टाकून न देतां तिच्या जागीं अडकवून ठेवावी. ती गाडीच्या चाकाखालीं सांपडली तर पुढच्या दहा जणांची वाट बंद होते. आणि यंत्र चाललें कीं नाहीं तें दोन ओळींत अ‍ॅपवर लिहून ठेवावें. आमच्यापूर्वीं त्या बंद यंत्रापाशीं येऊन परत गेलेल्या एकानें जरी तेवढें केलें असतें, तरी आम्ही साताऱ्यासच थांबलों असतों. घरीं आल्यावर आम्हीं पहिलें काम हेंच केलें.

मत्तयाच्या शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दृष्टांत आमचे विद्यार्थी लहानपणापासून ऐकत आले आहेत. दिवे दहाहीजणींपाशीं होते. तेलाचीं भांडीं मात्र पांचजणींनींच बरोबर घेतलीं होतीं. आम्ही हा दृष्टांत वर्गांत किती वेळां शिकविला असेल ह्याची गणती नाहीं. तरी त्याचा अर्थ आम्हांस खरा उमगला तो शेंकडा अठरा वीज शिल्लक असतां, बंद यंत्रासमोर, एका मुलाच्या प्रश्नास उत्तर न सुचलें तेव्हां. तो मुलगा यंदा दहावींत आहे. सुटींत घरीं जाण्याची वेळ आली म्हणजे तो आतां कागद-पेन्सिल घेऊन आमच्यापाशीं येतो, किलोमीटर व युनिट ह्यांचा हिशेब मांडतो आणि पहिल्या ठिकाणाच्या शेजारीं दुसऱ्याचें नांव लिहितो.